नागपुरातून जहाजाची मोहीम आखताना

जहाज गोव्याला किंवा चेन्नईला, प्रयोगशाळा नागपुरात. समुद्राच्या पाण्याचे नमुने आणण्याच्या मोहिमेची जबाबदारी तुमच्याकडे असेल तर आधी तासांचा हिशेब मांडा. जहाजाचे दिवस वाढवून मिळतील, या भरवशावर राहू नका.

खोली ३००० मीटर आणि सीटीडीचा (खारटपणा, तापमान, खोली मोजणारं, नमुन्यांच्या बाटल्या लावलेलं यंत्र) वेग मिनिटाला ६० मीटर धरला, तर खाली जायला ५० मिनिटं, वर यायला तेवढीच. वर येताना प्रत्येक बाटली बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट थांबावं लागतं. डेकवरची कामं धरून एका स्टेशनला (जहाज थांबवून नमुने घ्यायच्या ठिकाणाला) अडीच तास लिहा. दोन स्टेशनांत ६० सागरी मैल असतील तर १० नॉट (ताशी १० सागरी मैल) वेगाने सहा तास गेले. म्हणजे दहा स्टेशनं आणि त्यांच्यामधले नऊ टप्पे धरून ७९ तास. बंदरापासूनचा प्रवास वेगळा. त्यावर पाचवा हिस्सा हवामानासाठी ठेवा आणि कोणती स्टेशनं गाळायची हे निघण्याआधीच ठरवा. लाटा उसळल्यावर यंत्र सोडायचं की नाही, हे कॅप्टन सांगेल. तिथे वाद घालू नये.

निस्किन बाटली (सीटीडीवरची, ठरलेल्या खोलीवर बंद होणारी नमुन्याची बाटली) डेकवर आली की वरची हवेची खुंटी बंदच ठेवून खालची तोटी उघडा. पाणी गळायला लागलं तर बाटली हवाबंद नाही, मधल्या थरांचं पाणी आत शिरलं असू शकतं. वहीत खूण करा. विरघळलेल्या ऑक्सिजनचा नमुना सगळ्यांत आधी: नळी तळाशी टेकवून बुडबुडा न येऊ देता भरा, बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहू द्या, ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायनं लगेच घाला. याचं टायट्रेशन (थेंबथेंब रसायन घालून केलेलं मोजमाप) जहाजावरच उरका, नागपूरसाठी ठेवू नका.

नायट्रेट-फॉस्फेटचे नमुने प्लास्टिकच्या बाटल्यांत, पाऊण भरून, उभे ठेवून उणे २० अंशांवर गोठवा. काठोकाठ भरलं तर गोठताना खारट पाणी झाकणातून बाहेर येतं आणि आकडे बिघडतात. सिलिकेटसाठी काच नकोच, ती स्वतःच सिलिका सोडते.

खरी परीक्षा परतीच्या रस्त्यावर. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि नमुन्यांची पेटी वाडीच्या (नागपूरजवळच्या) ट्रान्सपोर्ट गोडाऊनमध्ये रात्रभर पडून राहिली की मेहनत पाण्यात. थर्माकोलच्या पेटीतून दिवसाला दोन ते पाच किलो कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वायू होऊन उडतो. प्रवासाच्या दिवसांपेक्षा एक दिवस जास्तीचा भरा. झाकण चिकटपट्टीने हवाबंद करू नका, आतल्या वायूने पेटी फुटते. ट्रान्सपोर्टवाल्याला माल दारात उतरवायला सांगा.