जुना कॅन्सर बरा झाला, आता दुसऱ्या, नव्या कॅन्सरच्या तपासणीची तयारी

इंदूरहून संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस पकडून दुसऱ्या दिवशी मुंबईत डॉक्टरांना दाखवायचं असेल, तर तयारीला महिनाभर आधी लागा. सगळ्यात जास्त वेळ जुने कागद जमवण्यात जातो.

आधी उपचारांचा गोषवारा मिळवा. ‘सहा किमो आणि शेक झाला’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. त्या वेळचं वय, प्रत्येक औषधाचं नाव आणि एकूण मात्रा, रेडिएशन नेमकं कुठे, किती ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक), किती बैठकांत, हे सगळं हवं. रेडिएशनमुळे होणाऱ्या गाठी बहुधा दहा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा, किरण गेलेल्या भागात किंवा त्याच्या कडेला येतात. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या किमोच्या औषधांनंतरचा रक्ताचा कॅन्सर साधारण 5 ते 10 वर्षांत दिसतो, इटोपोसाइड या किमोच्याच दुसऱ्या औषधानंतरचा 1 ते 3 वर्षांतच. डिस्चार्ज कार्डावर ग्रेचा आकडा बहुतेकदा नसतो. तो रेडिएशन विभागाकडून लेखी मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्यायच्या असतात, पण त्या जपण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं आहे. म्हणून उपचार नुकतेच संपलेल्यांनी हे काम आत्ताच उरकावं. रिपोर्ट थर्मल कागदावर असेल तर झेरॉक्स काढा. लॅमिनेट केलात तर उष्णतेने काळा पडेल.

तिशीच्या आत छातीवर रेडिएशन झालेल्या स्त्रियांना दरवर्षी मॅमोग्राफी आणि स्तनांचा एमआरआय लागतो: रेडिएशननंतर 8 वर्षांनी किंवा वयाच्या पंचविशीत, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून. नुसत्या सोनोग्राफीवर भागवू नका. पाळी येत असेल तर एमआरआय सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान घ्या, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) रिपोर्ट जवळ ठेवा. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट नको, त्याचे कण फिल्मवर ठिपक्यांसारखे दिसतात.

टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) घेतलेल्यांना पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला, किंवा सायक्लोफॉस्फामाइड घेतलेल्यांच्या लघवीत रक्त दिसलं, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

तोंडाचा कॅन्सर झालेल्यांना नवा कॅन्सर तोंडात, घशात, अन्ननलिकेत किंवा फुफ्फुसातही होऊ शकतो, कारण तंबाखूने या सगळ्याच अस्तराची हानी केलेली असते. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, खाऊन झाल्यावरचं सुपारीचं पानही सोडायला हवं. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे.

घरातल्या कुणाला, कोणत्या वयात, कुठला कॅन्सर झाला ते लिहून न्या. मावशीचं सगळे सांगतात, आत्या राहून जाते. स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही तेवढाच येतो.

आणि नवी गाठ दिसली की ‘जुनंच उलटलं’ असं धरून चालू नका. बायोप्सी हवीच, कारण दोन्हींचे उपचार वेगळे. तुलनेसाठी जुन्या बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) सोबत न्या. मे महिन्यात ते उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, ब्लॉकचं मेण मऊ पडतं.