लाह्यांच्या मक्यात बियाण्याची झाडं निवडताना

मक्याला तुरे डोकावू लागले की बियाण्यासाठी झाडं निवडायची वेळ आली. कणीस भरघोस दिसलं म्हणून बी धरलं, ही चूक साध्या मक्यात एक वेळ खपेल, लाह्यांच्या मक्यात नाही. इथे दाण्याच्या आतला काचेसारखा कठीण भाग आणि वाफ कोंडून धरणारी साल यांच्यावर लाही फुलते. उत्पन्न वाढवत नेलं की फुलणं बहुधा घटतं, त्यामुळे नुसत्या वजनावर निवड केली तर चार-पाच पिढ्यांत हाती साधा मका उरतो.

निवडीचा तुकडा वेगळा राखा आणि त्यात बुरशीनाशक फवारू नका. जिवावर येतं, पण फवारलेल्या शेतात कमजोर झाडही निरोगी दिसतं. कडेने करप्याला लवकर बळी पडणाऱ्या वाणाच्या एक-दोन ओळी असल्या तर रोग सगळीकडे सारखा पोचतो. पानांवर लांबट, चिरुटाच्या आकाराचे राखाडी डाग दिसले की तो करपा. फुलोऱ्यात एकदा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहणी करा. कणसाजवळची व त्यावरची पानं किती हिरवी आहेत ते बघा, कारण दाणा भरतो तो मुख्यतः त्यांच्या जोरावर. अजिबात डाग नसलेल्या एकट्या झाडावर लगेच भाळू नका, ते नुसतं रोगातून निसटलेलंही असू शकतं. त्याची संतती पुढच्या हंगामात ओळीने लावली की खरं-खोटं कळतं. डाग पडतात पण हळूहळू आणि थोडेच वाढतात, अशी झाडं मला जास्त भरवशाची वाटतात. एकाच जनुकावरची प्रतिकारशक्ती बुरशीचा नवा प्रकार आला की कोलमडते.

प्रतिकारशक्ती साध्या मक्यातून आणायची असेल तर नर कोण आणि मादी कोण, हे आधी ठरवा. लाह्यांच्या मक्याच्या बऱ्याच वाणांत असं जनुक असतं की त्यांचे स्त्रीकेसर साध्या मक्याचे परागकण स्वीकारतच नाहीत. कष्टाने पिशव्या बांधाव्यात आणि कणीस रिकामं निघावं, याचं कारण पुष्कळदा हेच असतं. तेव्हा मादी साधा मका घ्या आणि पराग लाह्यांच्या मक्याचा वापरा. स्त्रीकेसर बाहेर पडण्याआधीच कणसाला कागदी पिशवी घाला. तुऱ्याला आदल्या दिवशी पिशवी बांधा आणि सकाळी दव सुकल्यावर ताजा पराग झाडा. शिळा पराग कामाचा नाही.

त्या कणसाचे दाणे लगेच भाजून बघू नका. साल आईच्या झाडाची, म्हणजे साध्या मक्याची असते, तेव्हा लाही वाईटच येणार. पुढच्या हंगामात ते दाणे पेरून येणाऱ्या झाडांचा लाह्यांच्या मक्याशी पुन्हा संकर करा. अशा एका परतीच्या संकरानंतर (बॅकक्रॉस) सरासरी 75 टक्के वारसा लाह्यांच्या मक्याचा असतो. फुलणं पुरेसं परतलं नाही तर आणखी एक करा, मात्र प्रत्येक वेळी रोग असलेल्या तुकड्यातूनच झाडं निवडा. परागकण न स्वीकारण्याचा गुण सगळ्याच वाणांत नसतो, म्हणून दुसऱ्या मक्यापासून किमान 200 मीटर अंतर राखा किंवा फुलोरा तीन-चार आठवडे मागे-पुढे होईल अशी पेरणी करा.

दाण्याच्या बुडाशी काळा थर दिसला की पीक पक्व झालं. आता खोडकुज तपासा. खालच्या पेरांना दोन बोटांनी दाबा, मग झाड हलकेच एका बाजूला ढकला. खोड चेपलं किंवा मोडलं तर कणीस कितीही देखणं असो, ते झाड सोडून द्या. लाह्यांच्या मक्याची खोडं तशीही नाजूक असतात आणि लोळलेल्या पिकाचं उत्पन्न कागदावरच राहतं. बुरशी धरलेली कणसं बियाण्यातून काढा, खाण्यातूनही, कारण त्यांत विष तयार होऊ शकतं.

निवडलेली कणसं वेगवेगळी ठेवा आणि प्रत्येकाचे निम्मे दाणे बियाण्याला राखा, कारण चाचणीत दाणे संपतात. उरलेले सावलीत 13.5 ते 14 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा. ओलावा सारखा नसेल तर तुलनाच फसते. मोजके ग्रॅम दाणे फोडून लाह्यांचं आकारमान मापात बघा आणि वजनाने भागा. दर ग्रॅमला 40 घनसेंटिमीटर किंवा जास्त आलं तर उत्तम. न फुटलेले दाणेही मोजा. बी मात्र दोन-चार कणसांतून धरू नका, काही पिढ्यांत झाडं खुजी पडतील.