पडवी बंद करू नका

गावचं घर दुरुस्तीला काढलं की पडवीला स्लायडिंग खिडक्या लावून खोली वाढवायचा मोह होतो. कृपा करून टाळा. संध्याकाळची खाडीवरची झुळूक, वाटेवरून जाणाऱ्याची हाक, सगळं तिथूनच घरात येतं. जून ते सप्टेंबर नैऋत्येकडून झड येते. त्या बाजूला विणलेल्या झावळ्या बांधा, पाऊस सरला की सोडा.

जांभ्याच्या भिंतीला प्लास्टिक पेंट नको, ओल आत अडकून पोपडे निघतात. चुन्याची सफेदीच बरी.

आणि शोकेस कशाला? आमच्या पडवीत आजीची आडाळी, म्हणजे पाटाची विळी आहे, पातं झिजलेलं, पाट बसून गुळगुळीत झालेला. नारळ अजून तिच्यावरच खवतो. तुमच्या रोजच्या हातातलं असंच काहीतरी दर्शनी ठेवा.