हरणांच्या माजाच्या दिवसांत मचाणावर बसताय? या चुका टाळा

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या शिकाऱ्यांना घरात चैन पडत नाही. पांढऱ्या शेपटीची हरणं माजावर येण्याचे हे दिवस, इथल्या भाषेत ‘रट’. एरवी उजेडात तोंडही न दाखवणारे मोठ्या शिंगांचे नर भरदिवसा माद्यांचा माग काढत फिरू लागतात. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मचाण उरलं ते बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात प्राणी मोजायला. इथे ते परवाना आणि ठरलेला हंगाम यांच्या चौकटीत अजून शिकारीचं आहे. त्यामुळे इथे आलेले आपले काही लोक झाडावर बसायला शिकतात तेच मुळी वयाच्या तिशी-चाळिशीत.

या नवख्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: ‘माजात नर आंधळा होतो, कुठेही बसलं तरी चालतं.’ बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. बेभान होतो तो नर. मादी तितकीच सावध असते, आणि नर येतो तो तिच्यामागून. तिने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, पुढचा पाय जमिनीवर आपटला, की मागचा नरही गेला असं समजा.

हार्नेस (अंगावरचे सुरक्षेचे पट्टे) वर पोहोचल्यावर अडकवणं

ही चूक जिवावर बेतते, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर सांगतो. पडण्याचा धोका बसल्यावर कमी असतो. चढता-उतरताना आणि शिडीवरून फळीवर पाऊल टाकताना तो सगळ्यात जास्त. माझ्या दुसऱ्याच हंगामात पहाटे मी लोखंडी फळीवर पाय ठेवला. तिच्यावर दहिवर गोठून काचेसारखा थर झाला होता, अंधारात दिसला नाही. पाय सटकला, हातभर खाली गेलो आणि दोरावरची गाठ आवळली. पट्टे मांड्यांत रुतले, पण पायांना शिडी पुन्हा सापडली. खाली १८ फुटांवर गोठलेली जमीन होती.

म्हणून झाडाच्या बुंध्यापासून मचाणाच्या वरपर्यंत जीवनदोर बांधाच. त्यावर प्रुसिक गाठ असते. हाताने सरकवली की सरकते, वजन पडलं की जागेवर आवळते. जमिनीवर असतानाच हार्नेस तिला अडकवा आणि चढताना ती सरकवत न्या. बसल्यावर गाठ डोक्याच्या वर हवी, पट्टा सैल लोंबता कामा नये. पट्ट्यांवर नुसतं लटकत राहिलात तर पायांतलं रक्त अडतं आणि थोड्याच वेळात प्रकृती धोक्यात येते. पाय टेकवायची पट्टी आणि फोन अंगावरच्या खिशात ठेवा, पिशवीत नको. बंदूक रिकामी करून, धनुष्य बाण काढून, दोरीने मागाहून वर ओढा. वर्षभर झाडावर राहिलेले पट्टे उन्हाने कुजतात, खारी कुरतडतात, बुंधा जाड होतो तसे ताणले जातात. हंगामाआधी ते बदला.

वाऱ्याचा अर्धाच विचार

फोनवर ‘वायव्येचा वारा’ वाचून जागा ठरवणं पुरत नाही. नैऋत्य विस्कॉन्सिनच्या टेकड्यांत ऊन चढलं की हवा उताराने वर जाते, सांजावलं की गार होऊन ओहोळाकडे उतरते. मी खिशात मिल्कवीडच्या बोंडातला कापूस ठेवतो. हे झाड आपल्या रुईच्याच कुळातलं, त्याच्याही तशाच म्हाताऱ्या उडतात. एक म्हातारी सोडायची आणि नजर हटवायची नाही. एकदा ती वीसेक पावलं सरळ गेली, मग वळून थेट ओहोळात उतरली, जिथून मी हरणांची वाट बघत होतो तिथेच. त्या संध्याकाळी मी तिथे बसलो नाही.

माद्या विसावतात त्या झाडीवरून वारा ज्या अंगाला वाहतो, त्या अंगाने नर वास घेत जातो. मचाण त्याच्या त्या वाटेच्या थोडं पलीकडे हवं. तुमचा वास तळ्यावर किंवा खोल घळीवर, म्हणजे हरीण जाणार नाही अशा ठिकाणी गेला तर उत्तमच.

‘चार दिवस दिसत होते, आता रान ओस पडलं’

ही तक्रार दरवर्षी येते. मादी माजावर असते तो एक-दोन दिवस नर तिला घेऊन दाट झुडपात थांबतो, म्हणून रान रिकामं वाटतं. घाबरून मचाण दूर हलवू नका. माद्यांच्या निवाऱ्याजवळच राहा. मोकळा झाला की तो पुढची मादी शोधायला निघतो. रट कधी यायचा हे दिवसाच्या घटत्या उजेडावर ठरतं, थंडीवर नाही. उबदार दिवसांत मात्र हालचाल बरीचशी रात्री होते.

आणि दहा वाजता चहाला उतरू नका! या दिवसांत दहा ते दोन हा वेळ सोन्यासारखा असतो. जाताना कमी कपडे घालून सावकाश चाला, जाड जाकीट वर गेल्यावर चढवा. घामाने अंग ओलं झालं की दुपारपर्यंत तग धरवत नाही.

उंचीचा हव्यासही नको. १५ ते २० फूट पुष्कळ झाले. फार वरून बाण तिरका जातो, एकच फुप्फुस लागतं आणि जनावर जखमी होऊन दूरवर जातं. हरणाच्या हुंकारासारखा आवाज काढणारी शिट्टीही सारखी वाजवू नका. नर दूर जाताना दिसला तरच वाजवा, आपल्याकडे येतोय तेव्हा हात स्थिर.

नेम लागल्यावरची घाई

हृदय-फुप्फुसावर लागला असं वाटलं तरी अर्धा तास बसून राहा. यकृतावर लागला असेल तर चार तास, पोटात लागला असेल तर आठ ते बारा. लगेच मागे गेलात तर जनावर उठून पळतं आणि हाती लागत नाही. त्या जिवाला उगाच जास्त यातना होतात, ते वेगळंच. तो अर्धा तास तुमच्यासाठीही आहे. हात थरथरत असतात, छाती धडधडत असते आणि शिडी तीच दहिवर पडलेली. श्वास सावरला की गाठ तपासा, एकेक पायरी उतरा, दोन्ही पाय जमिनीला टेकल्यावरच हार्नेस सोडा.