रेल्वेप्रेमींच्या वार्षिक भेटीची आखणी

बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जोडली जाणारी बँकर इंजिने (गाडीला चढावर ढकलणारी जादा इंजिने) पाहण्यासाठी दहाबारा रेल्वेप्रेमींना दरवर्षी जमायचे असेल, तर तारीख किमान तीन महिने आधी पक्की करावी. कारण आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता खुले होते आणि एका तिकिटावर सहाच प्रवासी घेता येतात, म्हणून नागपूर-कोल्हापूरकडच्या मंडळींनी कोण कोणाचे तिकीट काढणार हे आधीच ठरवून ठेवावे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रविवारी बहुधा मेगाब्लॉक असतो, तेव्हा शनिवारच बरा. पावसाळ्यात घाट देखणा दिसतो खरा, परंतु दरड कोसळून वेळापत्रक कोलमडू शकते. त्या दिवसांत परतीसाठी रात्रीच्या शेवटच्या गाडीवर विसंबू नये.