शाळेत बाहेरचे कलाकार बोलावताय? आधी घंटेचं बघा

बाहेरचे कलाकार येणार म्हटलं की सगळ्यांचं लक्ष स्टेजकडे, पण कार्यक्रम फसतो तो बहुतेक वेळा स्टेजखाली, मुलं बसवण्यात नाहीतर माईकमध्ये. जादूगार असो की बाहुल्यांचा खेळ, त्यांचं काम त्यांना येतं हो, आपलं आपल्याला जमायला हवं.

फोनवर ठरवतानाच विचारा की खेळ कितवीच्या मुलांसाठी आहे, जागा किती लागेल, प्लग किती, सामान लावायला वेळ किती. पहिली ते दहावी एकत्र कोंबू नका, छोटी घाबरतात आणि मोठी कंटाळतात, त्यापेक्षा दोन शो करा. छोट्यांना 30-35 मिनिटं पुरे, मोठे पाऊण तास बसतात. मानधन किती आणि कधी हे लेखी ठेवा, नंतर दोघांनाही अवघड होत नाही.

आता बसवणं. तीनशे मुलं एका दारातून आत यायची तर दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, मग आधी आलेली वैतागतात आणि दंगा तिथूनच सुरू होतो. म्हणून मोठ्यांना आधी आणून मागे बसवा, छोट्यांना शेवटी आणून पुढे, म्हणजे कमीत कमी वेळ ताटकळतील. मधे चालायला वाट सोडा. शिक्षकांनी भिंतीला टेकून गप्पा मारायच्या नाहीत, मुलांमधे बसायचं (हे सांगायला धाडस लागतं, पण सांगाच). मोठा आवाज सहन न होणाऱ्या मुलांना दाराजवळ जागा द्या. चमकणारे लाईट असतील तर आधीच विचारा, काही मुलांना त्याने फिट येऊ शकते.

माईक आदल्या दिवशी नाही, त्याच दिवशी तासभर आधी तपासा. माईक स्पीकरच्या समोर आला की शिट्टी वाजते, म्हणून स्पीकर माईकच्या पुढे आणि तोंड मुलांकडे. कलाकाराच्या पाठीमागे उघडी खिडकी नको, नुसती काळी सावली दिसते. आणि तासाची घंटा बंद! ऐन रंगात ती वाजली की अर्धी मुलं दप्तर शोधायला लागतात.

प्रास्ताविक दोन मिनिटांत आटपा, सत्कार असेल तर शेवटी.

संपल्यावर दाराजवळच्या रांगा आधी सोडा. एक शिक्षक मात्र स्टेजपाशीच थांबवा, कारण सगळ्यांनाच त्या बाहुलीला हात लावून बघायचा असतो.