तीन फाशांच्या डावात पाणी कुठं मुरतं, ते घरी कसं तपासावं

म्हाई-जत्रेच्या गर्दीत कोपऱ्यात चालणारा डाव कोल्हापूरकडच्या माणसाला नवा नाही. एक आकडा धरायचा. तो एका फाशावर आला तर एकास एक, दोहोंवर आला तर दुप्पट, तिन्हींवर आला तर तिप्पट. लावलेले परत मिळतात ते वेगळे. फासे तीन, आकडे सहा, म्हणजे संधी निम्मी असं वाटतं आणि खिशातली नोट बाहेर येते.

महाद्वार रोडवरून लुडोचे तीन फासे आणा, मूठभर चिंचोके घ्या. पैसे नकोत. १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे.

आधी मोजणी. तीन फासे २१६ प्रकारे पडतात. तुमचा आकडा एकदाही येत नाही असे प्रकार ५×५×५, म्हणजे १२५. निम्म्याची गोष्ट इथंच संपली. उरलेल्या ९१ पैकी ७५ वेळा तो एकदा येतो, १५ वेळा दोनदा, एका वेळी तिन्हींवर. मिळकत ७५+३०+३ = १०८, गेले १२५. तूट १७, म्हणजे शेकडा जवळपास आठ.

आता सहाही आकड्यांवर एकेक चिंचोका ठेवा आणि फासे टाका. तिन्ही वेगळे पडले तर तीन जातात, तीन मिळतात, फिटंफाट. जोडी पडली तर चार जातात आणि तीनच मिळतात. तिन्ही सारखे पडले तर पाच जाऊन तीन. म्हणजे ज्या जोडीवर गर्दी ओरडते, चालवणारा कमावतो तो तिथंच!

मग काही जण जिंकून कसे जातात? शंभर डावांनंतर चौघांत जवळपास एक जण खरंच फायद्यात असतो, आणि गावभर सांगत सुटतो तो तोच. हजार डावांनंतर शंभरात एखादाच उरतो. डाव दहापट झाले की तूट दहापट होते, नशिबाचा चढउतार मात्र तिपटीहून थोडाच जास्त वाढतो. चालवणारा दिवसभर बसतो तो म्हणूनच. त्याला लबाडी करायची गरजच नाही.

हात बसला की एक जुना फ्रेंच डाव मोजा. एका फाशाच्या चार फेकींत निदान एक सहा येण्याची शक्यता ५१.८ टक्के, दोन फाशांच्या २४ फेकींत सहा-सहाची जोडी येण्याची ४९.१. याच कोड्यांच्या नादात १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांची एकमेकांना पत्रं सुरू झाली. दोन्ही उत्तरं काढताना आधी ‘एकदाही न येण्याचे’ प्रकार मोजा, काम निम्म्यावर येतं.